आडोसा

बसची पहिली पायरी जमिनीपासून ओमनाच्या गुडघ्याच्या वाटीइतकी उंच होती, आणि त्या पायरीवर तिने आधी उजवा पाय ठेवला. ठेवला, दांडी धरली, अंग वर ओढून घेतलं. आत बायकांच्या बाजूला उभी राहिल्यावर तिला कळलं की आज काहीतरी वेगळं झालं. तिचा उडीचा पाय उजवा. म्हणजे रेटा उजव्याने द्यायचा आणि आधी वर जायचा तो डावा. पंधराव्या वर्षापासून हेच, वाळूच्या खड्ड्यावर, जिन्यावर, गटार ओलांडताना, घरच्या उंबऱ्यावरसुद्धा. हा क्रम ठरवताना शरीराने तिला विचारलं नव्हतं, त्यामुळे मोडतानाही विचारलं नाही. डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला, जिथे दोन हाडांमध्ये गादी असते, तिथे गेल्या पावसाळ्यापासून काहीतरी झिजत होतं; आणि कुठल्याशा सकाळी तिला न कळवता दोन्ही पायांनी आपसात कामाची अदलाबदल करून टाकली होती. केव्हा, ते आठवेना. मागच्या आठवड्यात असेल, ओणमच्या आधीही असेल. निर्णय जुना होता, तिला तो आज कळत होता.

“टीचर, आत सरका, आत सरका! मागे फुटबॉल खेळता येईल एवढी जागा आहे,” कंडक्टर ओरडला.

“मग तूच ये की मध्ये. गोलकीपर नाहीये आमच्याकडे,” मासळीची रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसलेली बाई म्हणाली, आणि पुढच्या चारदोन जणी हसल्या.

ओमनाही हसली, पण तिचं लक्ष पायांकडेच होतं. निर्णय असे होत असतील तर किती बरं, तिला वाटलं. आतल्या आत, कुणाच्या तोंडाकडे न बघता. आज शाळा सुटायच्या आत तिला मुख्याध्यापिका ग्रेसी टीचरना एक नाव द्यायचं होतं. जिल्ह्याच्या स्पर्धेला लांब उडीसाठी शाळेकडून एकच मुलगी जाते, आणि उडी मारणाऱ्या होत्या दोघी, दहावीतली आर्द्रा आणि नववीतली रिन्शा. नाव द्यायचा दिवस दोनदा पुढे गेला होता. दोन्ही वेळा ओमनानेच तो ढकलला होता. एकदा पाऊस आहे म्हणून आणि एकदा मैदान ओलं आहे म्हणून, जे खरं तर एकच कारण होतं. काल जेवताना सुगतन म्हणाला होता, “एवढा घोर कसला? चिठ्ठ्या टाक. देवावर ढकल.” नवऱ्याच्या या बोलण्यावर ती चिडली होती. चिडण्याचं कारण असं, की तो विचार तिचा त्याच्या आधीच करून झाला होता.

बस मानांचिराच्या तलावाला वळसा घालून निघाली. इतकी वर्षं नाव दुसरं कुणीतरी ठरवायचं. ती या मुलींच्या शाळेत लागली तेव्हा शेजारच्या मुलांच्या शाळेतले कणारन मास्तर संध्याकाळी अर्धा तास येऊन मुलींना बघून जात आणि कुणी जायचं ते सांगत. ते निवृत्त झाल्यावर पालकांनी वर्गणी काढून दासन मास्तरला ठेवलं. दासन तरुण होता, चांगला होता, मुलींशी कधी वावगं बोलला नाही. गळ्यात घड्याळ, खिशात शेंगदाणे. तो पळायला लावायचा, मोजायचा, निवडायचा. आणि ओमना? ओमना मुलींना न्यायची आणि आणायची. आईबापांची समजूत काढायची, मामांची, थोरल्या भावांचीसुद्धा. पाण्याच्या बाटल्या, सेफ्टी पिना, पॅड, उलटीच्या गोळ्या, लिंबं. परक्या गावच्या मैदानावर गेल्या गेल्या ती पहिल्यांदा बायकांच्या संडासाची किल्ली कुणाकडे आहे ते शोधून काढायची, कारण ती नेहमी अशाच माणसाकडे असते जो नुकताच चहाला गेलेला असतो. स्पर्धेच्या कागदांवर दासनच्या नावापुढे ‘प्रशिक्षक’ असायचं, तिच्या नावापुढे ‘सोबतची शिक्षिका’. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. वाटलं नाही, हे ती स्वतःशी ज्या घाईने म्हणायची तेवढीच घाई तिला कधीकधी खटकायची. जूनमध्ये दासनला कण्णूरच्या क्रीडा वसतिगृहात नोकरी लागली. निघताना तो म्हणाला, “चेची, आता उड्याही तुम्हीच बघा. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त दिसतं. फक्त तुम्ही बोलत नाही.” थोरल्या बहिणीला सांगावं तसं त्याने सांगितलं, शेंगदाण्यांची पुडी तिच्या हातात दिली आणि गेला. ग्रेसी टीचर म्हणाल्या, “नवा माणूस कशाला शोधायचा आता? तुम्ही आहातच की.” असं म्हणायला त्यांना सव्वीस वर्षं लागली, आणि म्हणून झाल्यावर त्या लगेच वीजबिलाकडे वळल्या.

आडोसा धरणं हे कमी प्रतीचं काम आहे असं ओमनाला कुणी म्हटलं असतं तर तिने ते ऐकून घेतलं नसतं. ती स्वतः अशा आडोशात वाढली होती. तंकमणी टीचर या शहरातल्या मुलींच्या पहिल्या कवायत शिक्षिकांपैकी. सुती साडी, पदर कमरेला गच्च खोचलेला, पायात खडू फासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. त्यांना कुणी कधी धावताना पाहिलं नाही. अडथळ्यांची शर्यत त्या टेबलावर दोन बोटं चालवून शिकवत. बोटांचा गुडघा कसा दुमडायचा, मागचं बोट बाजूने कसं आणायचं. मुली तेवढ्यावर शिकत. त्यांच्या पिशवीत कायम एक जुनी जांभळी नायलॉनची साडी असे. मैदानावर कपडे बदलायला जागा नसायची, तेव्हा चार मुलींनी त्या साडीची चार टोकं धरायची आणि मध्ये एकीने स्कर्ट काढून आखूड चड्डी घालायची. ‘टीचरची खोली’ म्हणत सगळ्या तिला. वारा सुटला की खोलीच्या भिंती फुगायच्या आणि धरणाऱ्या मुली हसत सुटायच्या. बाहेर तंकमणी टीचर मैदानाकडे तोंड करून, छत्री उघडून उभ्या. कुणी पुरुष रेंगाळला की म्हणत, “काय बघतोस रे? आकाशात विमान आहे का?” आणि तो माणूस खरोखर वर बघायचा. आत जांभळा उजेड, कापराचा आणि वेदनाशामक मलमाचा वास, पोटऱ्यांवर काटा. ओमनाला उडीत मिळालेली पदकं आता नीटशी आठवत नाहीत, तो उजेड मात्र आठवतो. स्वतःचे पाय तिने प्रथम त्या उजेडात पाहिले. हे आपले, आणि हे आता थोड्या वेळाने सगळ्यांना दिसणार.

नोकरी लागल्यावर तिनेही पिशवीत साडी ठेवली. पुढे साडी जाऊन चादर आली. नंतर चादरही मागे पडली. आता मुली घरूनच सगळं घालून येतात. रिन्शा तर काळी पायघोळ विजार, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मानेमागे घट्ट बांधलेला रुमाल अशी येते, उडी मारते, आणि घाम पुसत तशीच बसमध्ये चढते. ओमना स्वतः साडीतून चुडीदारमध्ये आली, चुडीदारमधून ट्रॅकसूटमध्ये. सुरुवातीला फक्त मैदानावर, मग प्रार्थनेलाही. कापडाच्या आडोशाची गरज उरली नाही. पण जवळ येऊन कानाशी बोलायची मुलींची सवय तशीच राहिली, कारण तिच्याशी बोलून कुणाचं काही बिघडत नसे. ती कुणाला गुण देत नव्हती, कुणाला नापास करत नव्हती, संघातून काढत नव्हती. घरात बाप पितो, भावाने मोबाइल फोडला, पाळी दोन महिने आली नाही, अमक्या मुलाने चिठ्ठी दिली, हे सगळं तिच्याकडे पाण्याच्या टाकीजवळ उभ्याउभ्या यायचं. जी निवड करते तिला मुली एवढं सांगतील का? दासनला त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं. मुली त्याला भीत नव्हत्या, तरीही नाही.

शाळेत प्रार्थना, मग रांगा, मग बिघडलेला माइक, मग सहावीतल्या एका मुलीचं नाक फुटलेलं. शारीरिक शिक्षणाच्या बाईचं काम म्हणजे शाळेत जे कुणाचंच काम नसतं ते. पूर्वी शिट्टी आणि रांग एवढंच होतं. आता उंची-वजन, डोळ्यांची तपासणी, योगाचा दिवस, आणि आठवीच्या मुलींना शरीराबद्दल जे सांगायला विज्ञानाच्या बाई लाजतात तेही. ते सांगायला ओमनाला आवडायचं. फळ्यावर ती गर्भाशय काढायची, हाताच्या मुठीएवढं, आणि म्हणायची, “प्रत्येकीने मूठ वळून बघा.” पन्नास मुली मूठ वळून बघायच्या. त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरायची ती तिला कुठल्याही टाळ्यांपेक्षा मोठी वाटायची.

“ओमना टीचर, आज नाव,” मधल्या सुटीत ग्रेसी टीचर व्हरांड्यात गाठून म्हणाल्या. “उद्या कागद जायलाच हवेत. आता मैदान कोरडं आहे ना? मी सकाळी स्वतः चालून बघितलंय.”

“शेवटच्या तासाला एकदा बघते दोघींना. मग देते.”

“पुन्हा?” ग्रेसी टीचरनी चष्मा कपाळावर ढकलला. “अहो, मुलगी पसंत करायला गेलेले लोकसुद्धा एवढ्या वेळा बघत नाहीत.” मग आवाज उतरवून, “काय आहे, मला सांगा तरी. कुणाच्या घरून काही बोलणं आलंय का?”

“नाही. तसं काही नाही.”

“मग?”

तसं काही असतं तर सोपं होतं. उडी मोजायचा टेप कुणाच्या घरचं ऐकत नाही. पहिल्याच चाचणीत टेपने सांगून टाकलं होतं की रिन्शा आर्द्रापेक्षा वीतभर पुढे पडते. रिन्शाला उडी घ्यायची फळी सापडायला वेळ लागतो, तिचा एखादा प्रयत्न वाया जातो, पण पाय फळीवर नीट पडला की ती मुलगी वर जाते, वर जाऊन क्षणभर तिथेच राहते, आणि बघणाऱ्याच्या छातीत काहीतरी थांबतं. आर्द्राचं तसं नव्हतं. तिची धाव रेखीव, प्रत्येक वेळी तीच, उडीही प्रत्येक वेळी तीच. तिच्यात जेवढं होतं तेवढं सगळं ती आधीच देत होती. हे ओमनाला दिसत होतं, जसं डोळ्यांच्या डॉक्टरांना दारातून आत येणाऱ्या माणसाकडे बघूनच दिसत असेल. पण आर्द्रा दहावीत होती. हे तिचं शेवटचं वर्ष. जिल्ह्याला खेळली तर जादा गुण मिळणार होते, आणि त्या गुणांवर तिला अकरावीला विज्ञानाला जागा मिळणार होती. आई मस्कतच्या इस्पितळात नर्स, मुलीनेही नर्स व्हावं एवढं एकच मागणं तिने फोनवर लावून धरलेलं. रिन्शाला अजून एक वर्ष होतं. दोन्ही बाजूंनी विचार केला की दोन्ही बाजू बरोबर वाटत, आणि त्यामुळेच ओमनाला स्वतःचा संशय येई. बरोबर वाटणारी गोष्ट रात्रभर चघळावी का लागते?

आणि आर्द्रा ही नुसती कुणीतरी दहावीतली मुलगी नव्हती. पाचवीत आली तेव्हापासून ओमनाच्या मागे मागे. सहावीत असताना मैदानावर खो-खो चालू होता आणि ती अचानक खांबाला टेकून उभी राहिली ती हलेचना. ओमना जवळ गेली तेव्हा तिने फक्त मागे बोट दाखवलं. शाळेचा पांढरा स्कर्ट. ओमनाने तिला सामानाच्या खोलीत नेलं, स्वतःच्या पिशवीतला चुडीदारचा सदरा घातला, जो तिला घोट्यांपर्यंत आला, आणि स्कर्ट थंड पाण्यात धुऊन भाल्यांच्या घोडीवर वाळत टाकला. तो वाळेपर्यंत दोघी व्हॉलीबॉलच्या जाळ्यावर बसून राहिल्या. “हे दर महिन्याला?” आर्द्राने विचारलं. “दर महिन्याला.” “आणि पळायचं कसं मग?” घाबरून रडण्याऐवजी तिने हे विचारलं, याचं ओमनाला इतकं हसू आणि इतकं काहीतरी दुसरं आलं होतं की तिने त्या मुलीचं डोकं छातीशी धरलं. स्वतःला मुलगी नसल्याचं दुःख तिने कधी केलं नव्हतं. पण वाळणाऱ्या स्कर्टचा, रबराचा आणि ओल्या दोरीचा तो वास तिच्या आत कुठेतरी मुलीच्या जागी बसला होता.

गेल्या रविवारी ती एरंजिपालमला तंकमणी टीचरकडे गेली होती. त्या आता वेताच्या खुर्चीत असतात. खुब्याचं हाड मोडून बसलं, आणि एक तरुण मुलगी येऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. ओमना गेली तेव्हा ती मुलगी म्हणत होती, “अम्मे, घोटा आत, बाहेर. आणखी. थांबायचं नाही.”

“बघ ओमने,” टीचर म्हणाल्या, “आयुष्यभर मी लोकांना एक-दोन-तीन-चार केलं. आता ही पोर मला करते. देव हिशेब ठेवतो.”

“देवाचं माहीत नाही, मी ठेवते,” ती मुलगी म्हणाली. “आणखी पाच.”

ती गेल्यावर ओमनाने सुलेमानी केली, दोघींनी तो काळा चहा लिंबू पिळून घेतला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तिने विचारलं. विचारणार आहोत हे तिला बसमधून उतरेपर्यंत माहीत नव्हतं. “टीचर, त्या वेळी तिरुवनंतपुरमला माझं नाव नव्हतं. तुम्हाला आधी माहीत होतं?”

“कुठल्या वेळी? तुझं नाव किती वेळा नव्हतं!”

“माझ्याऐवजी पुष्पवेणी उतरली ती.”

टीचरचं हसणं हळूहळू ओसरलं. ओमना तेव्हा सतरा वर्षांची होती; उडीला उतरणार होती एकच, पण तिरुवनंतपुरमला दोघींना नेलं होतं. सकाळी मैदानावर नावं वाचली गेली तेव्हा ती बुटांच्या नाड्या बांधून, पोटऱ्या चोळून तयार होती. नावं संपली आणि ती तशीच उभी राहिली, वाचणाऱ्याने पान उलटावं म्हणून. परतीच्या गाडीत टीचरनी एक संत्रं सोललं. सगळे पांढरे धागे काढले, एकेक फोड बी काढून तिच्या हातावर ठेवली, शोरणूर स्टेशन येईपर्यंत. एक शब्द बोलल्या नाहीत. पस्तीस वर्षं ओमना त्या संत्र्याला माया म्हणत आली होती, आणि ती माया होतीच.

“आदल्या संध्याकाळी कणारनने सांगितलं होतं मला,” टीचर म्हणाल्या.

“मग तुम्ही का नाही सांगितलंत?”

“झोपली असतीस?” त्यांनी घोटा आत-बाहेर केला, कुणी सांगत नसताना. “आणि निवड काय माझी होती? मला कुणी विचारलंच नाही गं कधी. इतक्या वर्षांत एकदासुद्धा नाही. पहिल्यांदा राग यायचा. मग खरं सांगू का, बरंच वाटायला लागलं. मी मोकळी असायचे. तुमच्याबरोबर वाईट वाटून घ्यायला, तुमच्याबरोबर रडायला. ज्याने तुमचं नाव गाळलं तो एकटा वाईट. मी कायम तुमच्या बाजूची.”

बाहेर कालव्याच्या काठाने कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. “पुष्पवेणी माझ्यापेक्षा चांगली होती?” ओमनाने विचारलं. बावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा.

तंकमणी टीचरनी कप खाली ठेवला. “तू धावायला सुरुवात करायच्या आधी माझ्याकडे बघायचीस, मोळे,” त्या म्हणाल्या. पोरी म्हणावं तसं त्या अजूनही तिला मोळे म्हणत. “ती फळीकडे बघायची.”

हे वाक्य दुखेल असं ओमनाला वाटलं. परतताना बसमध्ये ती वाट बघत बसली होती, जसं लागलेल्या जागी थोड्या वेळाने ठणका सुरू होईल म्हणून बघतात. ठणका आला नाही. आली ती एक विलक्षण मोकळीक. इतकी वर्षं ती जिथे उभी राहून पान उलटायची वाट बघत होती तिथून कुणीतरी तिला हाताला धरून बाजूला आणावं तशी. आणि त्या मोकळिकीमागून एक छोटा, कडू विचार: हे सतराव्या वर्षी ऐकलं असतं तर मी फळीकडे बघायला शिकले असते. घरी येईपर्यंत तिने तो विचार मिटवला. आजारी बाईबद्दल असं मनात आणू नये. पण आर्द्रा धावायच्या आधी कुणाकडे बघते हे तिला माहीत होतं.

शेवटचा तास गणिताचा होता. गणिताच्या बाईंनी दोन मुली द्यायला कुरकुर केली. “दर वेळी मीच तुमच्या तासाला माझा धडा घ्यायचे, आता तुम्ही माझ्या तासाला उड्या मारून घेता. घ्या, घ्या, फिटंफाट झाली.” मैदानावर ऊन तिरकं झालं होतं. दोघींनी खड्ड्यातली वाळू दंताळ्याने सारखी केली. फळीच्या अलीकडची लाल माती ओमनाने झारीने थोडी ओली केली. तिची ही जुनी रीत होती, कारण उडी इतकी पटकन होते की डोळ्यांना जे निसटतं ते मातीत राहतं.

“टीचर,” रिन्शा रुमालाची गाठ आवळत म्हणाली, “ही शेवटची चाचणी, की शेवटच्या आधीची?”

“तोंड कमी चालव, पाय जास्त.”

“दोन्ही एकदम चालतात माझे.”

आर्द्रा हसली नाही. तिने आधी उडी मारली. धावायच्या आधी ओमनाकडे बघितलं, ओमनाने मान हलवली, मग ती रेखीव धाव, तोच ठोका, तीच उडी. दोघींनी टेप धरला. नेहमीएवढीच. मग रिन्शा. ती मागे जाऊन उभी राहिली, जागच्या जागी दोनदा उड्या मारल्या, आणि निघाली. ओमनाला तिचा वेग पोटात जाणवला, जसा तो प्रत्येक वेळी जाणवायचा, आणि फळीच्या जरा अलीकडे तो वेग कुणीतरी हाताने काढून घ्यावा तसा नाहीसा झाला. रिन्शा उडाली, पण वर राहिली नाही. वाळूत पडली ती आर्द्राच्या खुणेच्या बरीच अलीकडे.

“पाय घसरला, टीचर,” वाळू झटकत ती म्हणाली. तिने वर बघितलं नाही.

ओमना ओल्या मातीशी वाकली. डावा गुडघा कुरकुरला, तिने तो दुमडू दिला नाही. घसरलेल्या पायाचा ठसा लांब, फरपटलेला येतो. इथे शेवटच्या दोन पावलांत टाचा खोल रुतल्या होत्या, स्वच्छ, गोल, पुढे नखभरसुद्धा माती सरकलेली नाही. घाटात उतरताना माणूस अशा टाचा रोवतो. म्हणजे ती थांबत होती. पूर्ण वेगात असताना, एवढ्याशा जागेत, तिने स्वतःला ठरवून थांबवलं होतं. आणि ते उडी मारण्याहून अवघड असतं हेही ओमनाला कळत होतं. तिने मान वर केली तेव्हा आर्द्रा तिच्या खांद्यावरून त्याच टाचांकडे बघत होती.

“लिहा ना टीचर,” आर्द्रा म्हणाली. “आज माझी जास्त आहे.”

ओमनाने वही उघडली नाही.

“लिहा! थांबलात कशाला?” आणि मग रिन्शाकडे वळून, आवाज फाटत, “मी काय भिकारीण वाटले का गं तुला? वाटीत टाकतेस?”

“चेची, असं नाही,” रिन्शाचं तोंड एकदम लहान झालं. “मला पुढचं वर्ष आहे. तुला नाही. आणि टीचरनाही तेच पाहिजे आहे.”

“मला काय पाहिजे आहे?” ओमनाने विचारलं.

रिन्शाने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात उद्धटपणा नव्हता, त्यामुळे ते सहन करणं कठीण होतं. “चेची जायला पाहिजे आहे. मी पुढे पडले की तुम्ही म्हणता सोमवारी पुन्हा बघू. मला वाटलं, एकदा मी मागे पडले की तुम्हाला बरं वाटेल.”

व्हॉलीबॉलच्या खांबावर एक कावळा येऊन बसला आणि उडाला. या मुलीने आपल्यासाठी आडोसा धरला, ओमनाला वाटलं. नववीतल्या पोरीने, वाऱ्यात, एकटीने. आणि आत आपण उभ्या. आपण बोलायचं टाळलं त्याची किंमत म्हणून एक उडी मोडली, शाळेतल्या सगळ्यात सुंदर उडीची टाच मातीत रुतली. हे ती पुढेही करील. एकदा थांबायला शिकलेलं शरीर पुन्हा पुन्हा थांबतं. ते विचारत नाही.

“मला माहीत होतं,” आर्द्रा हळू म्हणाली. तिने टेपचं टोक अजून सोडलं नव्हतं, ते ती बोटाभोवती गुंडाळत होती. “पहिल्या दिवसापासून. तिची उडी काय मला दिसत नाही? मी नुसती वाट बघत होते.”

“कशाची?”

“तुम्ही सांगाल म्हणून. रोज घरी जाऊन आजीला सांगायचं, अजून ठरलं नाही. आईचा फोन आला की सांगायचं, अजून ठरलं नाही. रात्री वाटायचं, कदाचित मीच. सकाळी वाटायचं, नाही. टीचर, याच्यापेक्षा...” ती थांबली. तिचे डोळे कोरडे होते आणि ते ओमनावरून हटत नव्हते.

व्हरांड्यातून ग्रेसी टीचरनी हाक मारली. त्यांच्या हातात कागद होता. “काय झालं ओमना टीचर? नाव सांगता का?”

ओमनाच्या हाताला आर्द्राच्या खांद्याची सवय होती. तो आपोआप उचलला गेला आणि तिने तो खाली आणला. तिला किती वाटा दिसत होत्या. ग्रेसी टीचरनी ठरवलं म्हणता आलं असतं. वरून तसा नियम आला म्हणता आलं असतं. आर्द्राला सामानाच्या खोलीत नेऊन, दार लोटून, लिंबूसरबत करून देता आलं असतं आणि नाव नंतर तिला फलकावर वाचू देता आलं असतं. ती रडली असती तेव्हा ओमनाही तिच्याबरोबर रडली असती, आणि सगळ्यात गोड तेच झालं असतं. उद्यापासून ही मुलगी पाण्याच्या टाकीशी येऊन कानाशी लागणार नाही कदाचित. कदाचित कधीच नाही. तिचे विज्ञानाचे गुण कमी पडतील आणि ते कुणामुळे हे तिच्या आईला मस्कतमध्ये नावानिशी माहीत असेल. स्वतःची नाडी ओमनाला कानात ऐकू येत होती. मन लावून ऐकली तर तीही मोजता आली असती. तिने मोजली नाही. ती आर्द्राच्या समोर येऊन उभी राहिली, दोघींच्या मध्ये फक्त टेप होता, आणि व्हरांड्यापर्यंत जाईल अशा आवाजात, पण त्या एका मुलीकडे बघत ती म्हणाली,

“आर्द्रा, रिन्शा जाईल. तू नाही. ती तुझ्यापेक्षा लांब उडी मारते. हे मी ठरवलंय.”